सांगून तोंड उघडत नाही, जांभईला मात्र उघडते

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तापात फिट आली आणि मेंदूला सूज असल्याचे निदान झाले. आता तो शुद्धीवर आहे, पण वाचा गेली आहे. जीभ बाहेर काढायला सांगितले तर निघत नाही, घास गिळता येत नाही, लाळ गळते. मात्र जांभई देताना तोंड पूर्ण उघडते आणि भाचीला पाहून तो हसलाही. डॉक्टर याला ‘फॉइ-शाव्हानी-मारी सिंड्रोम’ म्हणतात, तर घरातले काही जण म्हणतात की तो मुद्दाम करतो. खरे काय?

उत्तर : तो मुद्दाम करत नाही. तुम्ही टिपलेली जांभई हीच या आजाराची सर्वांत बोलकी खूण आहे. चेहरा, जीभ, जबडा आणि घसा आपल्या मर्जीने हलवण्याचा हुकूम मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या ‘ऑपरक्युलम’ या घडीतून सुटतो. एका बाजूला इजा झाली तर दुसरी बाजू बरेचसे निभावून नेते, पण दोन्हीकडे झाली की हुकूम खाली पोहोचतच नाही. हसू, रडू आणि जांभई यांची वाट निराळी असल्यामुळे ती शाबूत राहते. स्नायूंमध्ये दोष नसतोच.

तीन फ्रेंच डॉक्टरांनी 1926 मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि त्यांचीच नावे त्याला मिळाली. मोठ्या वयात तो बहुधा पक्षाघातामुळे होतो. मेंदूच्या सुजेमागे अनेकदा ओठांवर तापाचे फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू असतो. तसे असेल तर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून साधारण 14 ते 21 दिवस द्यावे लागते, आणि ताप उतरला म्हणून ते मध्येच थांबवायचे नसते. काही रुग्णांत बाहेरून न दिसणाऱ्या फिट्समुळेही वाचा अडते आणि ती औषधाने परतू शकते, म्हणून ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीबद्दल, अवश्य विचारा.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत मायेपोटीसुद्धा चमचाभर पाणी तोंडात घालू नका, कारण ते श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. तोवर नाकातील नळीनेच अन्न द्यावे. पुढे वाचा आणि गिळणे यांच्या उपचारांना महिने लागू शकतात. सुधारणा किती होईल हे रुग्णागणिक बदलते.

मेंदूच्या इतर भागांना इजा नसेल तर त्याला सगळे समजते आणि लिहिताही येते. त्यामुळे आल्यागेल्यासमोर ‘जीभ काढून दाखव’ हा आग्रह थांबवून त्याच्या हाती पेन्सिल आणि वही द्या, आणि त्याला काय हवे आहे ते त्यालाच विचारा.