टाक्यातलं पाणी: फिल्टर की गोळ्या?

प्रश्न: डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर चौघांचा दोन मुक्कामांचा ट्रेक आहे. पाणी टाक्यातलंच प्यायचं. फिल्टर घ्यावा की क्लोरीनच्या गोळ्या?

उत्तर: दोन्ही घ्या; मिळून वजन पाव किलोसुद्धा होत नाही. 0.1 मायक्रॉनचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण विषाणू त्यातून निसटतात. गर्दीच्या गडावर, माणसांचा नि गुरांचा वावर असलेल्या टाक्याला ही जोखीम खरी आहे. उलट क्लोरीन विषाणू मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीपुढे हात टेकतं.

क्रम चुकवू नका. आधी चौपदरी सुती कापडातून गाळा, मग फिल्टर, शेवटी गोळी. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. गोळी टाकल्यावर 30 मिनिटं थांबा, पाणी गार असेल तर तासभर. झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा, म्हणजे आट्यांमधलं कच्चं पाणीही धुऊन निघेल. हे बहुतेक जण विसरतात. पाकिटावरचं प्रमाण वाचाच: आपल्याकडे मिळणाऱ्या काही गोळ्या 20 लिटरसाठी असतात, त्या लिटरभर बाटलीत नकोत.

फिल्टरची धार मंदावली की त्याच्यासोबत आलेल्या सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने दाबा. हाच फिल्टर पुढे हिमालयात नेलात तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा; एकदा गोठला की तंतू फाटतात आणि ते बाहेरून कळतही नाही.

चहाचं पाणी मात्र गाळून नुसतं उकळा. खळखळून एक मिनिट, कळसूबाईच्या माथ्यावरही तेवढं पुरतं.