सापडलेली छोटी धातूची वस्तू ओळखताना

आधी घासू नका. व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश तर नकोच. ओळखीच्या खुणा बऱ्याचदा वरच्या थरातच असतात. पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढली की पुरे.

मग लोहचुंबक. चिकटली तर बहुधा लोखंड. हिरवा थर म्हणजे तांबे, पितळ किंवा कांसे. पांढुरकी-राखाडी आणि आकाराच्या मानाने जड असेल तर शिसे (हात धुवा). शंका उरली तर घनता काढा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर कोरडे वजन घ्या. नंतर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. कोरड्या वजनाला आता काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने भागा. उत्तर म्हणजे घनता: शिसे ११.३, चांदी १०.५, तांबे ८.९, पितळ साधारण ८.५, ॲल्युमिनियम २.७. बुडबुडा चिकटला की उत्तर कमी येते, आणि वस्तू ग्रॅमभराची असेल तर भलतेच कमी.

आकारावरून अंदाज बांधण्यापेक्षा जोड बघा, तेच जास्त बोलतात. मागे कडी किंवा तिचा तुटका बुंधा? बटण असावे. रिव्हेट (ठोकून बसवलेली खिळ्यासारखी पिन)? चामड्यावर बसवलेला तुकडा. कडेने शिवणीसारखी उंचवट्याची रेघ? साच्यात ओतलेली.

फोटो तिरप्या उजेडात, मोजपट्टीसह. दोन्ही बाजू आणि कड. काडतूस किंवा स्फोटक वाटले तर यातले काहीच करू नका: हात न लावता मागे या, पोलिसांना कळवा.