तो इंग्रजीचा वर्ग सोडू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज ड्यूटीवरून आल्यावर वाचला. सांगलीला मायक्रोबायोलॉजीत फर्स्ट क्लास मिळवलेल्या मुलीला इथल्या, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातला (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातला) काउन्सेलर इंग्रजी लेखनाचा वर्ग घे म्हणतो, वर एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, एक पेपर करावाच लागेल असं सांगतो, आणि नर्सिंगचं नाव काढतो ते सगळ्यांत शेवटी. तुझी चिडचिड मला समजते. पण "मावशी, मला पेशंट सांभाळायला शिकायचंय, निबंध लिहायला नाही" हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

आनंदीबाई जोशींचं नाव घेऊन मी तुला धीर देणार नाही. तो देणारे मंडळात पुष्कळ भेटतील. तुझ्यात धमक आहे हे मी धरूनच चालते. माझं सांगणं एवढंच, की तो लेखनाचा वर्ग सोडू नकोस. अनॅटॉमी एक सत्र पुढे गेली तरी चालेल.

मी आले नव्वदच्या दशकात, नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं, आणि हे मला कुणी सांगितलंच नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत घरात पोळ्या लाटत बसले. ती वर्षं आजही टोचतात. तुझ्याही व्हिसावर शिकता येतं. नोकरीचा परवाना यायचा तेव्हा येईल, त्याच्या नावाने घरात बसू नकोस.

कॉलेजात गेले तेव्हा मुलं शाळेत जायला लागली होती. पहिल्या निबंधात मी लिहिलं, की भारतातली कुटुंबव्यवस्था म्हाताऱ्या माणसांना उत्तम सांभाळते. व्याकरण चोख होतं, शब्द भारदस्त होते. बाईंनी समासात जवळजवळ प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहून दिला: कशावरून? आपल्याला शाळेत निबंध म्हणजे काय शिकवलं? सुरुवातीला सुविचार, मध्ये कवितेच्या दोन ओळी, शेवटी "अशा प्रकारे". आपण म्हणतोय ते कशावरून, हे कुणी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. तुझं इंग्रजी चांगलं आहे गं, मला माहीत आहे. प्रश्न तुझ्या इंग्रजीचा नाहीच. कॅलिफोर्नियात 2017च्या कायद्यानंतर कॉलेजं कुणालाही उजळणीच्या वर्गांत वर्षानुवर्षं अडकवून ठेवू शकत नाहीत, म्हणून तू हट्टाने थेट पुढच्या वर्गात बसशीलही. बस. पण लेखनाचा आधारवर्ग, म्हणजे मुख्य वर्गाबरोबरचा मदतीचा तास, जोडीला घे. आणि निबंध मशीनकडून लिहून घेऊ नकोस. रात्री तीन वाजता वॉर्डात नोंद तुलाच लिहायची आहे.

आता त्या नोंदीचंच सांगते. फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल भागाला लोक छोटं काबूल म्हणतात, इतकी अफगाण वस्ती तिथे आहे. रमजानच्या महिन्यात एक अफगाण आजी आमच्या वॉर्डात होत्या. मधुमेही. माझी ड्यूटी सुरू झाली तेव्हा त्यांच्या चार्टवर लिहिलेलं होतं: "रुग्ण सहकार्य करत नाही. जेवण व औषध नाकारते." आधीच्या ड्यूटीवरच्या नर्सेसनी तेच पुढे उतरवलं होतं. शेजारी बारा-तेरा वर्षांचा नातू बसलेला, आणि सगळे त्याच्याकडूनच विचारून घेत होते. जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषी करायला इथला कायदा परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण आजी नातवासमोर काय सांगणार? मी फोनवर दरी ही अफगाणिस्तानातली भाषा बोलणारा दुभाषी जोडून घेतला. आजींचं म्हणणं सरळ होतं: सूर्य मावळल्यावर जेवीन, गोळ्याही तेव्हाच द्या. मी लिहिलं: "दुपारी 1 वाजता जेवण व तोंडाने घ्यायची औषधे नाकारली. दुभाष्यामार्फत कारण विचारले. रोजा असल्याचे सांगितले. सूर्यास्तानंतर घेण्यास तयार. रक्तातील साखर 142. डॉक्टरांना कळवले." डॉक्टरांनी औषधांच्या वेळा बदलल्या.

सांग आता, यातलं नर्सिंग कुठलं आणि निबंध कुठला? "सहकार्य करत नाही" हे कशावरून? हा प्रश्न विचारायला मला फिजिऑलॉजीने शिकवलं नाही, त्या समासातल्या अक्षरांनी शिकवलं. नर्सिंगमध्ये म्हणतात, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. मी म्हणते, जे कशावरून ते न सांगता लिहिलं, ते लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसरी तुझी कुरकुर एथ्निक स्टडीजची. "भारतातून आलेल्या माणसाला डायव्हर्सिटी काय शिकवणार?" पोरी, मंडळाच्या गणपतीत नव्या माणसाचं आडनाव विचारून झाल्यावर पुढची चौकशी कुठल्या दिशेने जाते, ते तुलाही ठाऊक आहे. इथल्या कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट) या सरकारी विद्यापीठांनी 2022 साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला, तो उगाच नाही. शिवाय हा विषय कुणी दान म्हणून दिलेला नाही. 1968-69 साली सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने संप केला, तेव्हा हे अभ्यासक्रम आले. 1923 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला, तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. आपल्याला दार उघडलं ते 1965च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचं बळ होतं. हे मला त्या वर्गात बसेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हा प्रश्न नुसता इतिहासाचा नाही, लॅबचाही आहे, म्हणजे तुझ्या विषयाचा. मूत्रपिंडं किती काम करतात याचा अंदाज क्रिएटिनिनवरून, म्हणजे रक्तातल्या एका टाकाऊ पदार्थावरून, एका सूत्राने काढतात. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर कित्येक वर्षं ते सूत्र उत्तर वाढवून द्यायचं. रक्त तेवढंच, क्रिएटिनिन तेवढंच, आणि कागदावर मूत्रपिंड मात्र जास्त चांगलं. त्यामुळे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायलाच उशीर व्हायचा. 2021 साली वंशाचा घटक काढलेलं नवं सूत्र आलं. इतकी वर्षं हजारो हुशार माणसं तो आकडा छापत होती. कशावरून, हे वेळेवर किती जणांनी विचारलं?

मॉलमागच्या त्या खासगी इन्स्टिट्यूटची जाहिरात तू पाठवलीस. नऊ महिन्यांत मेडिकल असिस्टंट, निबंध नाही, इतिहास नाही. फी बघितलीस ना? कम्युनिटी कॉलेजात राज्यातलं वर्षभराचं वास्तव्य सिद्ध झालं की एका सेमिस्टर युनिटला 46 डॉलर पडतात, आणि बिगर-श्रेयांकाचे (पदवीत न धरले जाणारे) ईएसएल, म्हणजे परभाषिकांसाठीच्या इंग्रजीचे वर्ग तर फुकट असतात. इन्स्टिट्यूटमध्ये जायचंच असेल तर आधी विचार: तिथले श्रेयांक पुढे कुठे धरले जातात? लेखी उत्तर माग. तोंडी आश्वासनावर सही करू नकोस.

घाईच असेल तर सीएनए, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा कोर्स, कर. कॅलिफोर्नियात त्याला किमान 160 तास लागतात, त्यातले 100 प्रत्यक्ष रुग्णांजवळ. पाठ धुणं, कूस बदलणं, भरवणं हे जमतंय का, ते कळेल. पुढे एडीएन, म्हणजे नर्सिंगची दोन वर्षांची पदवी, केलीस तरी परवान्याची एनक्लेक्स परीक्षा चार वर्षांच्या पदवीवालीची तीच असते. जागा कमी आणि अर्ज भरपूर, हे खरं. काही कॉलेजं गुणांवर निवडतात, काही सोडत काढतात. तुझी मायक्रोबायोलॉजी कोण मान्य करेल, ते कॉलेजागणिक वेगळं; मार्कशीटचं मूल्यांकन करून घे आणि प्रत्येक ठिकाणी विचार.

लोक म्हणतात मी फार रमतगमत गेले. दर सत्राला थोडेच विषय घेतले, नर्सिंगच्या वर्गात पोहोचले तेव्हा बरोबरीच्या मुली माझ्या मुलांपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या बायका विचारायच्या, "अजून कॉलेजच?" म्हणू देत. लेखनाचे सगळे वर्ग मी पूर्ण केले, एकही टाळला नाही, आणि आज नव्या नर्सेसच्या नोंदी तपासायला माझ्याकडे देतात. मला घाई करायला सांगणाऱ्या कुणाचंही मी ऐकलं नाही, ते बरंच केलं.

नावनोंदणीची तारीख आजच बघ. लेखनाच्या संध्याकाळच्या वर्गातल्या जागा पटकन भरतात. काउन्सेलरकडे मार्कशीट घेऊन जा आणि त्याच्याशी भांडू नकोस. गाडीचा प्रश्न असेल तर मंगळवार-बुधवार माझी सुट्टी असते, मी सोडेन आणि आणेन. पहिला निबंध कच्चाच पाठव, सुधारत बसू नकोस.

तुझी,
मावशी