घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना गिअरलेस स्कूटरचे इंजिन नुसतेच घोंघावते, वेग वाढत नाही. हे घरी दुरुस्त होईल का?

होय, इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारा रबरी पट्टा (ड्राइव्ह बेल्ट) झिजला असेल तर घरी बदलता येतो, कारण पट्टा अरुंद झाला किंवा त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या की तो व्हेरिएटरच्या (गिअरचे प्रमाण आपोआप बदलणाऱ्या पुलीच्या) तबकड्यांमध्ये घसरतो आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. मात्र पावसात पट्ट्याच्या कव्हरमध्ये पाणी शिरल्यानेही पट्टा घसरतो, म्हणून आधी तो भाग कोरडा होऊ द्यावा. इंजिन थंड झाल्यावर कव्हर उघडून पट्ट्याची रुंदी व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजावी व ती मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. व्हेरिएटरमधील रोलर (तबकडी सरकवणारी छोटी वजने) एका बाजूने चपटे झाले असल्यास सगळे एकदम बदलावेत. व्हेरिएटरचा नट सोडवताना त्याच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर कधीही अडकवू नये, पाती तुटतात. पट्टा ठीक निघाला तर दोष मागच्या क्लचच्या शूंमध्ये (घर्षणाने चाकाला ताकद देणाऱ्या तुकड्यांमध्ये) असू शकतो. तिथली स्प्रिंग दाबलेली असल्याने ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.