इराणी सरदार घराण्याचा वाडा कसा असे? शिराझच्या कवाम वाड्यावरून

इराणमधील जुन्या सरदार घराण्यांच्या वाड्यांची रचना आणि सजावट कशी असे, आणि त्यांतून त्या घराण्याबद्दल काय कळते, असे आपण विचारले आहे. शिराझमधील 'नारेंजेस्तान-ए-कवाम' या, १८७९ ते १८८६ या काळात बांधल्या गेलेल्या वाड्याच्या आधारे मी उत्तर देतो, कारण येथील सजावट घराण्याच्या राजकारणाशी थेट जोडता येते.

कवाम घराण्याचा कर्ता पुरुष हाजी इब्राहिम हा शिराझचा कलांतर, म्हणजे नगरप्रमुख होता. १७९१ मध्ये त्याने आपल्याच झंद घराण्यातील राजाकडून शहर काढून घेऊन ते प्रतिस्पर्धी काजार राजघराण्याच्या हवाली केले, त्यांचा वजीर झाला, आणि १८०१ मध्ये काजार शाहाच्याच हुकमाने मारला गेला. त्यातून वाचलेल्या मुलाने घराणे पुन्हा उभे केले. पुढे १८६० च्या दशकात काश्काई या भटक्या टोळ्यांना शह देण्यासाठी पाच टोळ्यांचा 'खमसे' संघ याच घराण्याच्या हाताखाली स्थापन झाला. बुशेहर बंदरातून मुंबईशी चालणाऱ्या व्यापारासाठी दक्षिणेकडील रस्ते सुरक्षित राहणे महत्त्वाचे होते, हेही येथे लक्षात घ्यावे.

अशा घराण्याला आपले स्थान सतत दाखवत राहावे लागते. नारेंजेस्तान ही वाड्याची 'बिरूनी', म्हणजे पाहुणे, अधिकारी आणि अर्जदार यांच्यासाठीची बाजू. लांबट बागेच्या मधोमध कारंज्यांचा पाट आहे, दोन्ही बाजूंना खजुराची आणि आंबट नारिंगांची झाडे आहेत, आणि पाहुण्याची नजर थेट समोरच्या इमारतीच्या उंच दगडी खांबांवर जाईल अशी सगळी मांडणी आहे. खांबांमागील सज्जा आरशांच्या बारीक तुकड्यांनी मढवलेला आहे. हे तुकडे कोनाकोनांत कापून गिलाव्यात बसवलेले असल्यामुळे त्यांत माणसाचे अखंड प्रतिबिंब दिसत नाही. बागेतला उजेड मात्र शेकडो ठिकाणी फुटून परततो.

माझ्या मते सर्वांत बोलका भाग मात्र खाली, जोत्यालगत आहे. तेथील दगडी पट्ट्यांवर पर्सेपोलिसच्या धर्तीवर भालाईत सैनिक कोरलेले आहेत. प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांची ही राजधानी शिराझपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. वर, दर्शनी भागाच्या माथ्यावर, रंगीत फरशांमध्ये सिंह आणि सूर्य हे राजचिन्ह आहे; आणि आतल्या लाकडी छतांवर युरोपीय पेहरावातील स्त्रिया व तिकडची निसर्गदृश्ये रंगवलेली आहेत. प्राचीन सम्राट, तेव्हाचा शाहा आणि दूरचा युरोप या तिन्हींशी आपले नाते आहे, असे हे घराणे एकाच इमारतीत सांगत होते. या मिश्रणाला काही जण अभिरुचीचा ऱ्हास मानतात. ते मला मुळीच पटत नाही, कारण प्रत्येक गोष्ट पाहणाऱ्याच्या नजरेच्या क्रमाने, विचारपूर्वक बसवलेली आहे.

कुटुंबाची राहती बाजू, 'अंदरूनी', शेजारच्या झीनत-ओल-मोल्क वाड्यात होती आणि दोन्ही वास्तू भुयारी वाटेने जोडलेल्या होत्या. तेथेही छतांवर भरपूर चित्रकाम आहे, म्हणजे सजावट केवळ पाहुण्यांसाठी नव्हती. जवळची गुलाबी फरशांची नासिर-ओल-मोल्क मशीदही याच घराण्यातील व्यक्तीने बांधवली. आपण प्रत्यक्ष जाणार असाल, तर तिन्ही वास्तू एकाच दिवशी पाहाव्यात. फरशांमधील गुलाबी-पिवळ्या रंगांचे साम्य तेव्हाच लक्षात येते.