नांदूर मधमेश्वरला पूर्वी खरंच जास्त पक्षी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पहिल्यांदा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलात, तिथे चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर जुनी पक्षीनिरीक्षक मंडळी भेटली, आणि जो तो "पूर्वी काय पक्षी असायचे हो, आता काही राहिलं नाही" म्हणत होता. तुम्हाला तर समोरचं पाणी पक्ष्यांनी भरलेलं दिसत होतं. मग यात तथ्य किती आणि जुन्या दिवसांची हळहळ किती?

मी नाशिकचा. कॉलेजात असल्यापासून तिथे जातोय, त्यामुळे त्या मनोऱ्यावरच्या गप्पा मला तोंडपाठ आहेत. त्या गप्पांत मीही आता "पूर्वी" म्हणणाऱ्यांच्या बाजूला सरकलोय, हे आधीच सांगतो. तरी माझं उत्तर असं, की कोणत्या पक्ष्याबद्दल बोलणं चाललंय ते आधी विचारायचं. सगळ्या पक्ष्यांचा मिळून एकच हिशेब लागत नाही.

गिधाडांबद्दल कोणी हळहळत असेल तर शंभर टक्के विश्वास ठेवा. नदीकाठी जनावर ओढून टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची, हे निफाड तालुक्यातला साठीच्या पुढचा कोणताही शेतकरी सांगेल; त्यासाठी पक्षीमित्र असायची गरज नाही. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध गिधाडांच्या मुळावर आलं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर देशभर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता नाशिककरांना गिधाडं बघायची तर अंजनेरी गाठावं लागतं, नाहीतर हरसूलकडचं खोरीपाडा, जिथे गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात. नांदूरच्या आभाळात एखादं दिसलं तर त्या दिवशी मनोऱ्यावर दुसरा विषय निघत नाही.

बदकांचं मात्र अवघड आहे. इथे "पूर्वी" म्हणणाऱ्याला मी लगेच दोन गोष्टी विचारतो: कोणता महिना, आणि पाणी किती होतं?

कारण ही जागा म्हणजे मुळात पाटबंधाऱ्याचं काम. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश अमलात बंधारा घातला तो शेतीसाठी. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात आणि कोपरगाव-राहात्याच्या उसापर्यंत जातात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या लेखी ही डोकेदुखी, पण डोकं पाण्यात घालून चरणाऱ्या बदकांना नेमकं हेच लागतं. थापट्या, तलवार बदक, गडवाल, भुवई बदक यांना खोल पाण्याचा उपयोग नसतो, चोच तळाला पोचली पाहिजे. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं ते या गाळाच्या जिवावर. जून २०१९ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची बातमी आली.

आता यातली मेख. पाण्याची पातळी पक्ष्यांच्या सोयीने हलत नाही, कालव्यांना पाणी सोडायच्या पाळ्यांच्या, म्हणजे आवर्तनाच्या वेळापत्रकाने हलते. वरच्या दारणा-गंगापूर धरणांमधून पाणी सुटलं की बंधारा तुडुंब होतो, काठाचा सगळा चिखल बुडतो. त्या दिवशी गेलात तर चिखलात चरणारे तुतवार, टिलवे, शेकाटे गायब. ते कुठल्या तरी ओल्या वावरात जाऊन बसलेले असतात. आवर्तन संपून पाणी उतरलं की तोच काठ पायाखालच्या मुंग्यांसारखा वळवळायला लागतो. दोन माणसं आठवड्याच्या अंतराने येतात, एक म्हणतो जागा मेली, दुसरा म्हणतो असं आयुष्यात पाहिलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पावसाचंही तसंच, आणि हे नव्या माणसाला पटवणं फार कठीण जातं. पाऊस चांगला झाला की नांदूरला पक्षी कमी दिसतात. गावोगावचे पाझर तलाव, शेततळी, ओढे भरलेले असले की पक्ष्यांनी एकाच जागी गर्दी का करायची? ते पांगतात. दुष्काळात आजूबाजूचं आटलं की जिथे पाणी उरलंय तिथे सगळे गोळा होतात. २०१९ च्या ऑक्टोबरात पावसाने द्राक्षबागांची वाट लावली आणि त्या हिवाळ्यात जिकडेतिकडे पाणी होतं. नेमकी त्याच हिवाळ्यात रामसरची बातमी पेपरात आली, नाशिक-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि लोक मनोऱ्यावरून उतरताना विचारत होते, "एवढंच?" म्हणून कोणी एखाद्या दणदणीत वर्षाची आठवण सांगितली की मी मनात आधी त्या वर्षीचा पाऊस आठवतो.

आमच्यात निफाडचे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. त्यांच्याकडे शंभर पानी वह्यांचा गठ्ठा आहे, शाळेत मिळायच्या तसल्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. पहिला तारखेचा, दुसरा वेळेचा, आणि तिसऱ्यात पक्षी नाहीच, तिसऱ्यात पाणी: 'भरलेले', 'उतरते', 'गाळ उघडा'. मग पक्ष्यांची नावं आणि आकडे. जिथे मोजता आलं नाही तिथे अंदाज ठोकून न देता 'मोजले नाहीत' असं स्वच्छ लिहिलेलं. काही पानांवर चहाचे डाग, एका पानात सुगरणीच्या खोप्यातली गवताची काडी. मनोऱ्यावर वाद पेटला की सर पिशवीतून वही काढतात आणि निम्मे वाद तिथेच मिटतात. एकदा एक पाहुणे तावातावाने सांगत होते, की पूर्वी इथे लांब शेपटीचे कमळपक्षी असायचे, आता सगळे बांडे दिसतात, नक्की पाण्यात काहीतरी बिघडलंय. सरांनी विचारलं, "तुम्ही मागे कधी आला होतात?" श्रावणात. झालं! कमळपक्ष्याची ती डौलदार शेपटी विणीच्या हंगामापुरती, म्हणजे पावसाळ्यात असते. थंडीत ती नसतेच. (त्या जमातीत अंडी नर उबवतो. हे सांगितलं की मनोऱ्यावरच्या बायका हमखास आपापल्या नवऱ्यांकडे बघतात.)

मग सरांच्या वह्यांचा निष्कर्ष काय? सर निष्कर्ष काढत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. मी चाळल्यात त्यावरून माझं मत सांगतो: लांबून येणारी बदकं आणि चिखलातले छोटे पक्षी यांचे मोठमोठे थवे पूर्वीइतक्या सहज लागत नाहीत. हे एकट्या नांदूरचं नाही. देशभरच्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघतो; २०२३ च्या अहवालातही शिकारी पक्षी, स्थलांतरित चिखलपक्षी आणि बदकं यांचीच घसरण सर्वांत जास्त दाखवली आहे. तेव्हा बदकांपुरती म्हाताऱ्यांची तक्रार फेकून देण्यासारखी नाही.

पण जे वाढलं त्याबद्दल कोणी आठवण काढत नाही, हा माझा आक्षेप आहे. मोर शराटी घ्या. आता ओळीने उडत गेले तरी कोणी दुर्बीण उचलत नाही; आमच्या सुरुवातीच्या काळात मोर शराटी दिसला की नाशिकला परत येऊन सांगायची गोष्ट होती. जांभळी पाणकोंबडी तर आता अंगणातल्या कोंबडीच्या थाटात फिरते. ती जवळून बघा एकदा. पाणगवताचा देठ उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते, आणि आपण ऊस सोलून खावा तसा सोलून आतला गाभा खाते. ही वाढलेली पाणकोंबडी कोणाच्या 'पूर्वी'त बसत नाही, म्हणून तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

वारकऱ्यांचंही तसंच. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्यांनी असतो, म्हणून कॅमेरेवाले त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी लेन्स घेऊन येतात आणि गाईडला पहिला प्रश्न, "आज स्पेशल काय आहे?" मला विचाराल तर मनोऱ्यावरून बघण्यासारखा सगळ्यात भारी प्रसंग वारकऱ्यांचाच. सकाळी नऊ-साडेनऊला मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी पाण्यावरून संथ घिरट्या घालत येतो. तोवर पाण्यावर विस्कळीत पसरलेले वारकरी भराभर एकमेकांकडे सरकतात आणि बघता बघता काळा गच्च गठ्ठा होतो. हॅरियर खाली झेपावला की गठ्ठ्यातून पाण्याचे फवारे उडतात. तो गठ्ठ्यात घुसत नाही. मागे राहिलेला, दुखावलेला एखादा हेरत फिरतो. कधी अख्खा थवा उडतो, पण वारकऱ्याला थेट उडता येत नाही, आधी पाण्यावरून धावत जावं लागतं. त्या शेकडो पायांचा आवाज तीरावर ऐकू येतो.

क्रौंचांच्या आठवणी मात्र मी वाद न घालता ऐकतो. हरभऱ्याच्या वावरात उतरलेले क्रौंच, त्यांना हाकलायला पाठवलेली पोरं, आणि हाकलायचं सोडून बघतच उभी राहिलेली तीच पोरं, असं खाणगाव थडीकडचे लोक सांगतात. त्यात आकडे नसतात, सालं पुढेमागे होतात. चालतं. चापडगावचे जे तरुण आज गाईड म्हणून काम करतात त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावं पुस्तकातून आली, पण कोणत्या बेटाआड काय बसतं हे घरातूनच माहीत होतं. त्यांच्याशी बोला. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरच्या यादीत काय दिसलं ते कळतं. कुठे बसलेलं सापडेल ते हेच सांगतात.

एक गोष्ट या आठवणींच्या गप्पांत सोयीस्करपणे गळते, म्हणून लिहितो. आपण ज्या गाळाचं कौतुक करतो त्यावर वरच्या अंगाची गावं खूश नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा-चांदोरी पाण्याखाली गेलं. बंधाऱ्यातला गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही तिथल्या लोकांची जुनी मागणी आहे, आणि ज्याच्या दुकानात कमरेएवढं पाणी शिरलंय त्याला 'गाळामुळे बदकं येतात' हे ऐकवायची माझी तरी हिंमत नाही. पावसाळ्यात तुम्ही पेपरात 'नांदूर मधमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग' वाचता ते हेच ठिकाण, आणि त्या आकड्याकडे जायकवाडीपर्यंत लोक डोळे लावून बसलेले असतात. त्यात पाणवेलींचा वेगळा ताप. शहराचं सांडपाणी पोटात घेऊन गोदावरी येते, त्यावर जलपर्णी पोसते आणि मोकळं पाणी झाकून टाकते. पाणकोंबड्यांना चालतं, बदकांना नाही. बदकं कमी दिसण्याची जी अनेक कारणं असतील, त्यातलं हे एक तुम्हाला मनोऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

आता परत जाणार असाल तर थोडं कामाचं. नोव्हेंबरात ५ ते १२ या काळात राज्याचा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा कार्यक्रम आणि शाळेच्या सहली असतात. शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळा. मला स्वतःला जानेवारीचा उत्तरार्ध आवडतो. निफाडचा पारा उतरलेला असतो, बागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या असतात, म्हणून कानटोपी घ्याच. उजाडता उजाडता पोचा. नाशिकहून चाळीसेक किलोमीटर आहे, पण शेवटच्या टप्प्यात उसाचे ट्रॅक्टर रस्ता सोडत नाहीत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा गाईडला विचारा. आणि तुमच्याकडे दुर्बीण नसेल तरी अडत नाही, भाड्याने मिळते. नाहीतर मनोऱ्यावरचा कोणीतरी "पूर्वी" म्हणणारा स्वतःहून टेलिस्कोपला डोळा लावायला बोलावतोच.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनाही असते, १९८७ पासून दर वर्षी. मोजायला माणसं कमीच पडतात, नव्या माणसाला अनुभवी जोडीदार देतात. तुम्हाला प्रश्न पडलाय तर त्यात या. वारकरी मोजायचं काम बहुधा तुमच्याच गळ्यात पडेल, कारण ते दुसऱ्या कोणाला नको असतं.