पितळी टर्मिनल आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडू नयेत म्हणून लॅकर मारावं का?

तुम्ही म्हणता, घासून चकचकीत केलेले टर्मिनल आणि पट्ट्या महिन्या-दोन महिन्यांत काळवंडतात. लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर, मारायला हरकत नाही, पण फक्त दिसणाऱ्या भागावर. लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) किंवा बोल्ट जिथे टेकतो तिथे त्याचा थेंबही नको, कारण लॅकरमधून वीज जात नाही.

पॅनेल जोडण्याच्या कामात एकदा मी तांब्याच्या पट्ट्यांचा जुडगा रबरबँड लावून कपाटात ठेवला होता. काढला तेव्हा बाकी पट्टी जेमतेम मळकट झालेली, पण रबरबँड होता तिथे नेमकी तेवढ्याच रुंदीची काळी रेघ. रबरातलं गंधक, दुसरं काय! शेजारी माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा मोजता येईल असा. घामातलं मीठ तांबं सोडत नाही. तेव्हापासून हातमोजे घालतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि माल पुठ्ठ्यात न ठेवता ओलावा शोषणारं सिलिका जेल टाकून बंद पिशवीत ठेवतो. गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी मिळते. ती तांब्या-पितळेला चालणारी आहे ना, एवढं बघून घ्या. माल जास्त असेल तर बेन्झोट्रायझोल या काळवंडणं रोखणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवून काढतात. त्याचा तांब्यावर अगदी पातळ थर बसतो.

कायमचा इलाज हवा असेल तर टिन प्लेटिंग, म्हणजे कल्हईचंच भावंड. माझं मत विचाराल तर लॅकरवर खर्च करण्यापेक्षा हे बरं, कारण सांध्यावरही चालतं.

लिंबू-मीठ मात्र नको. लगेच झळाळी येते, पण फटीत राहिलेलं आम्ल आणि मीठ पुढे हिरवट डाग पाडतं. पितळेला अमोनियाचं क्लीनरही लावू नका. ताणाखाली असलेलं पितळ त्याने तडकतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंटही तांब्याजवळ नको.

बसवताना दोन्ही तोंडं घासून स्वच्छ करा, कॉन्टॅक्ट ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या ठरलेल्या जोराने, आवळा. सांध्याच्या आत हवा शिरली नाही की बाहेरची पट्टी खुशाल तपकिरी होऊ दे, वीज आतून जाते. फक्त सांध्यापाशीच काळं पडलं असेल आणि वायरचं आवरणही करपलेलं दिसत असेल, तर तो हवेचा दोष नाही. सांधा ढिला पडून तापतोय. आधी मेन बंद करा, मगच हात लावा.